ज्युरी आत किती वेळ बसली, यावरून काय कळतं?

मागच्या अंकात एका परदेशी खटल्याच्या निमित्ताने ज्युरीवर दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली. बहुतेकांचा रोख एकच, की महिनोन्‌महिने चाललेल्या किचकट केसचा निकाल ही बारा साधी माणसं दोन-चार दिवसांत, कधी दोन-चार तासांत कशी काय लावतात. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न (पुण्याहून, लॉच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी): सर, आम्हाला पेटंटच्या विषयात अ‍ॅपल विरुद्ध सॅमसंग शिकवली. ज्युरीपुढे सातशेच्या वर प्रश्न होते आणि तीन दिवसांत निकाल. एवढी टेक्निकल केस एवढ्यात होते का हो, की नुसत्या टिका मारल्या?

टिका मारल्या असं म्हणवत नाही, पण शंका रास्त आहे. सॅमसंगने आपल्या फोनची नक्कल केली असा अ‍ॅपलचा दावा होता. ऑगस्ट २०१२, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं फेडरल कोर्ट, जज ल्यूसी को, ज्युरीत नऊ माणसं. कायद्याच्या सूचनांचं बाड १०९ पानांचं, निकालाचा फॉर्म २० पानांचा आणि त्यात सातशेवर रकाने. सूचना नुसत्या वाचून दाखवायलाच दोन तासांवर वेळ गेला, जजबाईंनी आधीच सांगून ठेवलं की सगळ्यांनी जागं राहायचंय, माझ्यासकट. मग ज्युरी आत गेली आणि साधारण २१-२२ तासांच्या चर्चेनंतर बाहेर आली. भागाकार करा, एका रकान्याच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत आणि तेवढ्यात पेटंट समजून घ्यायचं, फोन हातात घेऊन बघायचा आणि नऊ जणांचं एकमत पण करायचं.

आता हा भागाकार थोडा फसवा आहे हेही सांगतो. सातशे म्हणजे सातशे वेगळे मुद्दे नव्हते, तोच प्रश्न फोनच्या प्रत्येक मॉडेलसाठी परत परत विचारलेला. बोटाने लिस्ट ओढत ओढत टोकाला नेली की ती रबरासारखी उसळून मागे येते ना, त्या करामतीचं एक पेटंट होतं. त्यावर एकदा तुमचं मत ठरलं की त्या ओळीतले सगळे मॉडेलांचे रकाने भराभर भरता येतात, त्यात गैर काही नाही.

मला खटकतं ते दुसरंच. निकालानंतर त्यांच्यातल्या एकाने मुलाखतीत सांगून टाकलं की पहिल्याच पेटंटवर, म्हणजे हे अ‍ॅपलच्या आधी कुणी केलं होतं का या प्रश्नावर, आमची गाडी अडकली, मग आम्ही तो बाजूला ठेवला आणि पुढे निघालो म्हणजे काम लवकर उरकेल. फोरमन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, स्वतः एका पेटंटचा मालक, त्यामुळे बाकीचे बरेचसे त्यांच्या मागून चालले. आणि उरकण्याचा परिणाम तिथेच दिसला. ज्या वस्तूंच्या बाबतीत त्यांच्याच उत्तरांप्रमाणे भरपाई बसत नव्हती अशा दोन वस्तूंपुढे लाखो डॉलर लिहिलेले निघाले, कोर्टाने त्यांना पुन्हा आत पाठवलं, दुरुस्ती झाली आणि सॅमसंगने अ‍ॅपलला द्यायचा आकडा १०५.१ कोटी डॉलरवरून १०४.९ कोटींवर आला. मार्च २०१३ मध्ये जजनी त्यातले आणखी ४५ कोटी रद्द केले कारण हिशोबाची पद्धतच कायद्यात बसत नव्हती, नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ज्युरीने त्या भागाचे २९ कोटी ठरवले आणि भांडण खऱ्या अर्थाने मिटलं ते २०१८ ला. (पुढची लढाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली ती डिझाइनच्या भरपाईच्या कायद्यावरून, तिचं खापर ज्युरीवर फोडायचं कारण नाही.)

मग आणखी आठवडाभर बसले असते तर बरोबर झालं असतं का? मला नाही वाटत. तोच फॉर्म, तेच १०९ पानांचं बाड आणि अडकलेला प्रश्न बाजूला ठेवायची तीच मोकळीक. न्यूझीलंडच्या लॉ कमिशनने नव्वदीच्या शेवटी ४८ खटल्यांतल्या ज्युरींशी बोलून अभ्यास केला होता, त्यात दिसलं की लोक मनापासून काम करतात पण कायदा नेमका काय विचारतोय हेच त्यांना पुष्कळदा नीट कळलेलं नसतं. आता तिथले जज ज्युरीच्या हातात पायऱ्या-पायऱ्यांची प्रश्नावली देतात, की हे तुम्हाला पटलं का, नसेल तर इथेच थांबा आणि निर्दोष म्हणा, पटलं असेल तर पुढच्या प्रश्नावर जा. अडकलेला प्रश्न ओलांडून पुढे जायची सोयच नाही. किचकट केसला माझ्या मते वेळेपेक्षा हे जास्त लागतं.

प्रश्न (नागपूरहून एक वाचक): ओ.जे. सिम्पसनची केस नऊ महिने चालली आणि ज्युरीने चार तासांत सोडून दिलं. ही काय चर्चा झाली? सरळ सेटिंग वाटते.

सिम्पसन म्हणजे घटस्फोटित बायको आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप असलेला अमेरिकी फुटबॉलपटू. सेटिंगचा पुरावा कुणी आणलेला नाही, त्यामुळे तो शब्द आपण सोडू. पण चार तास खरे आहेत, चारपेक्षा कमीच. २ ऑक्टोबर १९९५ ला आत गेले, पहिलं मतदान घेतलं तर दहा निर्दोष, दोन दोषी. मग लिमोझिनच्या ड्रायव्हरची साक्ष परत वाचून दाखवा म्हणून मागितली, ती ऐकली आणि निकाल तयार, वाचला गेला दुसऱ्या दिवशी.

ही माणसं २६५ दिवस घरदार सोडून हॉटेलात बंद होती हे लोक विसरतात. पेपर नाही, टीव्हीवर पहारा, घरच्यांची भेट ठरलेल्या वेळेला, आणि एवढे महिने केसबद्दल आपसात अवाक्षर बोलायचं नाही असा नियम. तोंडाने नाही बोलले तरी डोक्यात केस रोज चालूच असणार ना, त्यामुळे आत गेल्यावर घड्याळाने चार तास झाले म्हणजे विचार चारच तास झाला असं होत नाही. माझी हरकत आहे ती चार तासांना नाही, त्या पहिल्या मतदानाला आहे.

सोसायटीच्या मीटिंगला गेलायत ना कधी? सेक्रेटरीने विषय मांडायच्या आधीच कुणीतरी ओरडतो, आधी हात वर करा, कोण कोण रंगकामाच्या बाजूने. हात वर झाले की चर्चा संपलीच म्हणा, मग पुढे जो तो आपला हात कसा बरोबर होता तेवढंच पटवत बसतो. ज्युरीचंही असंच होतं आणि हे मी मनाने सांगत नाहीये, १९८० च्या दशकात अमेरिकेत नकली खटले दाखवून ज्युरींच्या चर्चा तपासल्या तेव्हा सरळ दोन जाती दिसल्या. एक आधी मतदान घेणारी, दुसरी आधी पुरावे टेबलावर मांडून काय घडलं असेल याची गोष्ट जुळवणारी आणि मतदान मागाहून घेणारी. दुसऱ्या जातीला वेळ जास्त लागला आणि पुराव्यांवर बोलणंही जास्त झालं. तिथेच हेही दिसलं की एकमताची अट असली की चर्चा जास्त खोलवर जाते, नुसतं बहुमत चालणार असलं की पुरेशी डोकी जमताच लोक उठतात.

आणि एक गंमत बघा, वेळेची तक्रार करतो तो नेहमी निकाल न आवडलेला माणूस. एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीच्या सॅम बँकमन-फ्राइडला नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने सातही आरोपांत दोषी धरलं, महिनाभराच्या सुनावणीनंतर, पाच तासांच्या आत. क्रिप्टोचे अब्जावधी डॉलर, कंपन्यांचं जाळं, याहून किचकट काय असणार? पण एवढ्या लवकर कसं काय म्हणून कुणी हाय खाल्ली नाही, कारण त्याचेच आतल्या गोटातले साथीदार त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन गेले होते आणि निकाल लोकांना पटला होता. उलट एलिझाबेथ होम्सच्या थेरानोस (रक्ततपासणीची कंपनी) केसमध्ये ज्युरी सात दिवस, ५० तासांच्या आसपास बसली आणि जानेवारी २०२२ मध्ये ११ आरोपांपैकी ४ मध्ये दोषी, ४ मध्ये निर्दोष, ३ वर एकमत नाही असा निकाल आला. गुंतवणूकदारांना फसवलं हे पटलं, पेशंटना फसवायचा हेतू होता हे नाही पटलं. अशी निवड करत बसलेली ज्युरी दिसली की मला बरं वाटतं, मग तास कितीही लागोत.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक, बँकेत नोकरी): राज राजरत्नमला दोषी ठरवायला १२ दिवस लागले आणि रजत गुप्तांना दोनच. दोघांचं प्रकरण एकच ना?

प्रकरण, म्हणजे कंपन्यांची आतली माहिती वापरून शेअर बाजारात फायदा उकळल्याचं, गुंतलेलं होतं पण खटले वेगळे. राजरत्नमवर १४ आरोप, टेप केलेले फोन ढिगाने, आणि चर्चा अर्ध्यात आलेली असताना ज्युरीतलं एक जण आजारपणामुळे बाहेर पडलं, त्या जागी नवीन माणूस आला. असं झालं की जज सांगतात, झालेलं सगळं पुसा आणि पहिल्यापासून सुरू करा. त्यामुळे ते १२ दिवस सलग एका चर्चेचे नाहीतच. मे २०११ मध्ये १४ च्या १४ दोषी. गुप्तांवर सहा आरोप होते, जून २०१२ मध्ये चार सिद्ध, दोन नाही. दोनच दिवसांत पण दोन आरोपांतून सोडलंय हे लक्षात घ्या, म्हणजे सगळ्यांना एकाच माळेत ओवलेलं नाही.

प्रश्न (कोल्हापूरहून एक आई): मुलगी लंडनला शिकते, ती म्हणाली तिकडे ज्युरीला निदान दोन तास दहा मिनिटं तरी बसावंच लागतं. हे खरं का? आणि असा नियम सगळीकडे का करत नाहीत?

अर्धं खरं आहे ताई. दोन तास दहा मिनिटांचा आकडा बरोबर, पण तो निकालाला नाही, बहुमताच्या निकालाला. एकमत झालं तर इंग्लंडची ज्युरी दहा मिनिटांतही बाहेर येऊ शकते. एकमत होत नसेल आणि १०-२ वगैरे चालवून घ्यायचं असेल तर कायदा म्हणतो निदान दोन तास द्या, आणि वरची दहा मिनिटं कोर्टांनी आपली आपण लावून घेतलीत, खोलीपर्यंत जायला, बसायला, फोरमन निवडायला. किचकट केस असेल तर जज याहून कितीतरी जास्त थांबतात.

ज्युरीला निकालापर्यंत बसवून ठेवायचे इंग्लंडचे जुने उपाय वाचले तर हसू येतं. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्या खटल्यात ज्युरी हवा तसा निकाल देईना म्हणून त्यांना अन्नपाण्याशिवाय, शेकोटीशिवाय रात्रभर कोंडून ठेवलं, तरी ऐकेनात म्हणून दंड केला. त्यातल्या एडवर्ड बुशेलने दंड भरायचं नाकारलं आणि त्यावरूनच ठरलं की निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येत नाही. अगदी १९९४ पर्यंत चर्चा सुरू झाल्यावर घरी जायची परवानगी नव्हती, रात्र झाली तर सगळ्यांनी हॉटेलात. त्याच वर्षी एका दुहेरी खुनाच्या केसमध्ये चार जणांनी हॉटेलच्या खोलीत प्लँचेट मांडून मेलेल्या माणसालाच विचारलं, तुला कुणी मारलं. अपील कोर्टाने खटला पुन्हा चालवायला लावला. आणि कोर्टाला त्याची चौकशी करता आली ती केवळ हे हॉटेलात घडलं म्हणून, ज्युरीच्या खोलीत घडलं असतं तर कायद्याने आत डोकावताच आलं नसतं!

राहिला प्रश्न किमान वेळ ठरवण्याचा. ठरवा, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक चहा पीत तेवढा वेळ काढतील. उलट बाजूही बघा. नवजात बाळांच्या खुनांचा आरोप असलेल्या इंग्लंडमधल्या नर्स लुसी लेट्बीच्या केसमध्ये सुनावणी ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, ज्युरी ११० तासांच्या आसपास बसली, एक जण मध्येच कमी होऊन ११ उरले, काही निकाल १०-१ ने, काही आरोपांवर निर्णयच नाही. इतकी चिकाटीची चर्चा क्वचित बघायला मिळते. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये १४ तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय पॅनलने जाहीर केलं की वैद्यकीय पुराव्यात खून दिसत नाहीत. त्यांचं बरोबर की ज्युरीचं, हे मी इथे बसून सांगणार नाही, पण ज्युरीपुढे जे तज्ज्ञ उभे केले त्यांच्यापलीकडचं ज्युरीला कळायचा मार्गच नव्हता, ११० चे २२० तास केले असते तरी.

किचकट म्हणजे लोकांना कळतच नाही हेही सरसकट खरं नाही बरं का. लंडनच्या ज्युबिली लाइन मेट्रोच्या कंत्राटातल्या फसवणुकीचा खटला २००३ ला सुरू होऊन मार्च २००५ मध्ये कोसळला, सहा कोटी पौंड पाण्यात, ज्युरीला चर्चेला बसायची वेळच आली नाही. सगळीकडे ओरड, की आर्थिक गुन्हे सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातात, ज्युरी काढा. नंतर त्याच ज्युरीतल्या लोकांशी बोलून पाहिलं तर त्यांना केस व्यवस्थित कळत होती, वैताग होता तो तारखा, खाडे आणि वकिलांच्या आपसातल्या वादांचा. आपल्याकडच्या पक्षकारांना हे सांगायला नकोच.

प्रश्न (रत्नागिरीहून निवृत्त शिक्षक): टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात ज्युरीने किती विचार केला होता? आणि नानावटी केसमध्ये?

सर, टिळकांनी स्वतःच्या बचावाचं भाषण केलं ते २१ तास १० मिनिटं, कित्येक दिवसांत मिळून. ज्युरी आत बसली तास-सव्वा तास. २२ जुलै १९०८, रात्रीची वेळ, नऊ जणांत सात युरोपियन, दोन पारशी, आणि निकाल ७-२ दोषी. ‘केसरी’तले मराठी लेख राजद्रोही आहेत का हे ठरवायचं आणि ठरवणाऱ्यांत मराठी वाचणारे जवळजवळ नाहीतच, सगळी भिस्त सरकारी भाषांतरावर. ज्युरी निवडतानाच टिळकांचे वकील बॅप्टिस्टांनी हीच हरकत घेतली होती, न्यायमूर्ती दावरांनी ती मानली नाही. मग सहा वर्षं काळं पाणी, मंडाले, आणि ‘ज्युरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे’ हे टिळकांचे उद्गार, ज्यांची पाटी आज हायकोर्टात त्याच जागी आहे. त्या लोकांना तीन दिवस बसवलं असतं तर निकाल बदलला असता? ज्युरी निवडली तिथेच तो ठरला होता असं मला तरी वाटतं.

नानावटीत, म्हणजे बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या केसमध्ये, ऑक्टोबर १९५९, सेशन्स कोर्टाच्या ज्युरीने ८-१ ने निर्दोष म्हटलं. जज मेहतांना तो निकाल कुठल्याही समंजस माणसांनी द्यावा असा वाटला नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली. मार्च १९६० मध्ये हायकोर्टाने खुनाचा दोषी ठरवलं, नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. लोक ब्लिट्झ साप्ताहिक आणि कोर्टाबाहेरच्या गर्दीबद्दल बोलतात, पण हायकोर्टाने जजनी ज्युरीला कायदा समजावून सांगण्यात राहिलेल्या चुकाही मोजून दाखवल्या होत्या, आणि तो भाग सिनेमावाल्यांच्या उपयोगाचा नसल्याने कुणाला माहीत नसतो. ही आपल्याकडची अगदी शेवटची ज्युरी केस असं सांगितलं जातं तेही खरं नाही, काही ठिकाणी ज्युरी पुढेही चालू होती, १९७३ च्या फौजदारी संहितेने ती पूर्ण गेली.

प्रश्न (अकोल्याहून): मग परत आणावी का ज्युरी?

नाही. आधी तारखा कमी करा. बाकी पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या खटल्यात मुंबईत आजही पाच प्रतिनिधी बसतात, हौस असेल तर तेवढं शिल्लक आहे.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक ताई): मला ज्युरी ड्यूटीचं पत्र आलंय. समजा निवड झाली आणि बाकीच्यांना घरी जायची घाई असली तर मी एकटीने काय करायचं? माझं इंग्लिश चांगलं आहे पण वाद घालायची सवय नाही.

वाद घालूच नका, प्रश्न विचारा. बसल्या बसल्या कुणी मतदान काढलं तर म्हणा, आधी जजनी दिलेल्या सूचना एकदा वाचूया, मग एकेका मुद्द्यावर काय पुरावा आला ते बोलूया, मत नंतर. ‘मला अजून कळलेलं नाही’ एवढं वाक्य पुरतं, त्याला इंग्लिश फार लागत नाही. काही अडलं तर फोरमनमार्फत जजना चिठ्ठी पाठवता येते, साक्ष परत ऐकायला मागता येते, त्यात कमीपणा नाही. फौजदारी केस असेल तर एकमत लागतं, म्हणजे तुम्ही एकट्या असलात तरी तुमच्याशिवाय निकाल नाही. दिवाणी असेल तर तुमच्याकडे सहापैकी पाच पुरतात. एकमत होत नाही म्हटल्यावर जज पुन्हा प्रयत्न करा असं सांगतील, फेडरल कोर्टात १८९६ पासूनची पद्धत आहे ती, पण प्रामाणिकपणे बनलेलं मत नुसत्या एकमतासाठी सोडून द्या असं ते कुणालाच सांगत नाहीत. घरी येऊन गूगल मात्र करायचं नाही, यजमानांना विचारायचं नाही.

आणि काही गैर दिसलं तर तेव्हाच्या तेव्हा जजना कळवा. फ्लोरिडातल्या एका फसवणुकीच्या किचकट खटल्यानंतर ज्युरीतल्या माणसाने सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत काही जण दारू पीत होते, गांजा-कोकेनही चालू होतं, दुपारभर झोपा काढत होते, आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने म्हटलं की निकाल लागून गेल्यावर ज्युरीच्याच तोंडची ही साक्ष आम्ही ऐकणार नाही. निकाल वाचल्यावर एखाद्या पक्षाने मागितलं तर जज प्रत्येकाला नाव किंवा नंबर घेऊन विचारतात, हाच तुमचा निकाल आहे का. मनात नसेल तर तिथे सरळ नाही म्हणा, तुम्हाला परत आत पाठवतील, बस.